विश्लेषण : ताप उतरला, तरी उदासी का जात नाही? विषाणूजन्य आजार आणि नैराश्याचा संबंध काय?

डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू किंवा करोना. ताप उतरतो, प्लेटलेट्स वर येतात, डॉक्टर 'आता सगळे नॉर्मल आहे' असे सांगतात. तरीही काही जणांचे दोन-तीन आठवडे उलटले तरी कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, ऑफिसमधले विचारतात अजून किती दिवस. रुग्णालाही वाटू लागते की आपणच आळशी झालो आहोत. प्रत्यक्षात विषाणूजन्य आजारानंतर येणारी ही उदासी वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे आणि तिचे काही धागेदोरे आता प्रयोगशाळेतही सापडले आहेत.

नेमके काय होते?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील शहरांमध्ये डासांपासून होणाऱ्या आजारांचे रुग्ण वाढतात. २०२४ मध्ये पुण्याने चिकुनगुनियाचा मोठा उद्रेक पाहिला. या दिवसांत रुग्णाची सगळी मोजदाद थर्मामीटर आणि प्लेटलेट्सच्या आकड्यांत होते. आकडे सुधारले की फाइल बंद होते. त्यानंतरचे दिवस कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत.

त्या दिवसांचे चित्र मात्र बऱ्याच घरांत सारखे असते. सकाळी सहाला उठून डबे करणारी बाई ओट्यासमोर उभी राहते आणि कुठून सुरुवात करायची तेच तिला सुचत नाही. टीव्हीचा आवाज, मुलांची भांडणे नकोशी वाटतात. कारण नसताना रडू येते. रात्री तीनला जाग येते ती येतेच. बँकेच्या ॲपचा पिन आठवत नाही. आवडीची मालिका लागलेली असते, पण नजर नुसतीच पडद्यावर असते.

चिकुनगुनियात यावर सांधेदुखीची भर पडते. हे नावच टांझानियातील माकोंडे भाषेतून आले आहे आणि त्याचा अर्थ वेदनेने वाकून जाणे असा आहे. काही रुग्णांचे सांधे कित्येक महिने दुखत राहतात. सलग दुखणे झोप मोडते आणि मोडलेली झोप मन खचवते. त्यामुळे यातले किती दुखण्यामुळे आणि किती थेट विषाणूमुळे, हे एकेका रुग्णात वेगळे काढणे कठीण असते.

हा संबंध करोनानंतरच लक्षात आला का?

नाही. १८८९ मध्ये जगभर पसरलेल्या 'रशियन फ्लू'नंतर युरोपातील डॉक्टरांनी रुग्णांमधील खिन्नता, निद्रानाश आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी केल्या होत्या. १९१८ च्या साथीनंतर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी फ्लूनंतर मानसिक आजार झालेल्या बोस्टनमधील १०० रुग्णांचा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. नॉर्वेतील मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा साथीनंतरच्या सहा वर्षांत फ्लूमुळे पहिल्यांदाच दाखल झालेल्या मानसिक रुग्णांचे प्रमाण सरासरी सात पट असल्याचे आढळले.

मात्र त्या काळात महायुद्ध होते, घराघरांत मृत्यू होते. मन खचायला विषाणूची गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच असणार.

आकडे काय सांगतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोठी लोकसंख्या आणि तिच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. डेन्मार्ककडे त्या आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील ३५ लाखांहून अधिक नागरिकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. संसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांमध्ये नंतर नैराश्यासारखा मनोवस्थेचा विकार होण्याची जोखीम ६२ टक्क्यांनी जास्त आढळली. यात विषाणूंबरोबर जिवाणूंचे संसर्गही होते.

इथे एक गफलत हमखास होते. ६२ टक्के जास्त जोखीम म्हणजे १०० पैकी ६२ जणांना नैराश्य नव्हे. समजा एरवी १०० पैकी ५ जणांना ते होणार असेल, तर संसर्गानंतर साधारण ८ जणांना होईल. बाकीच्या ९२ जणांना होणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमका हाच फरक गाळलेला असतो.

करोनाच्या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक चतुर तुलना केली. आजारपण म्हटले की कोणीही हबकणारच; मग नैराश्य आजारपणाच्या धक्क्याने आले की संसर्गाने? ते पाहण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील करोना रुग्णांची तुलना मूतखडा, पित्ताशयातील खडे, मोठे हाड मोडणे, त्वचेचा संसर्ग, फ्लू आणि इतर श्वसनसंसर्ग झालेल्यांशी केली. करोनानंतर १४ ते ९० दिवसांत ५.८ टक्के लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच मानसिक आजाराचे निदान झाले. तुलनेतील इतर सहा गटांत हे प्रमाण २.५ ते ३.४ टक्के होते. म्हणजे हाड मोडूनही माणूस खचतो, पण करोनानंतर त्याहून जास्त. त्याच गटाने २०२१ मध्ये २ लाख ३६ हजार करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत १४ टक्के लोकांना मनोवस्थेच्या विकाराचे निदान झाले होते. त्यात आधीपासून असा त्रास असलेलेही होते.

उलट दिशेचे टोकही याच संशोधनात सापडले. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता, त्यांना करोनाचे निदान होण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी जास्त होती. त्यामुळे 'विषाणू आला आणि नैराश्य देऊन गेला' एवढी सरळ ही रेघ नाही.

ताप अंगात, मग मन का बिघडते?

आजारी बैल चारा सोडतो, कळपापासून बाजूला बसतो, हलायला तयार होत नाही. आजारी कोंबडी पंख फुगवून कोपरा धरते. गोठा सांभाळणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. शास्त्रज्ञ याला आजारी वर्तन म्हणतात. यात रोगाने केलेला बिघाड कमी आणि शरीराने जाणीवपूर्वक दिलेला आदेश जास्त असतो, अशी मांडणी १९८० च्या दशकात पुढे आली. ऊर्जा तापाला आणि प्रतिकाराला हवी आहे, म्हणून भूक, हालचाल, गप्पा, उत्साह सगळे तात्पुरते बंद.

फोनची बॅटरी १० टक्क्यांवर आली की तो स्क्रीन मंद करतो, मागे चालणारी ॲप्स थांबवतो. तसेच काहीसे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा चार्जर लावून बॅटरी भरली तरी बॅटरी सेव्हर बंद होत नाही.

हा आदेश मेंदूपर्यंत पोहोचवतात सायटोकाइन नावाची प्रथिने. रोगप्रतिकारक पेशी ती सोडतात, त्यातून शरीरात दाह निर्माण होतो आणि रक्त व मज्जातंतू अशा दोन्ही वाटांनी मेंदूला वर्दी मिळते. ब्रिटनमधील एका प्रयोगात निरोगी तरुणांना एकदा टायफॉइडची लस आणि एकदा नुसते सलाइन टोचण्यात आले. लशीमुळे होणारा सौम्य दाह काही तासांत त्यांच्या मनाची पट्टी खाली आणतो आणि मेंदूच्या ज्या भागाचा नैराश्याशी संबंध आहे, तेथील हालचाल बदलतो, असे स्कॅनमध्ये दिसले. हा परिणाम तात्पुरता होता आणि लशी टाळण्याचे ते कारण अजिबात नाही. पण मनाचा मूड आणि शरीरातला दाह यांच्यात तार जोडलेली आहे, हे त्यातून कळले.

आणखी एक वाट आहारातून जाते. डाळी, दूध, शेंगदाण्यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर सेरोटोनिन हे रसायन बनवते. दाह असताना हे ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच रासायनिक वाटेला वळते. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दीर्घ करोनाच्या काही रुग्णांच्या रक्तात सेरोटोनिन कमी असल्याचे आणि आतड्यांत ट्रिप्टोफॅनचे शोषण घटल्याचे दाखवले. मात्र नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनचा तुटवडा, हे समीकरण आता फारसे कोणी मानत नाही. त्यामुळे 'सेरोटोनिन वाढवणारे' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी थांबलेले बरे.

सर्वांत ठोस पुरावा कोणता?

तो एका औषधाने दिला, तोही नकळत.

विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन सोडते. १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी फ्लूच्या विषाणूवर काम करताना ते शोधले. पुढे हेच इंटरफेरॉन औषध म्हणून तयार झाले आणि हेपेटायटिस सी तसेच काही कर्करोगांच्या रुग्णांना ते महिनोन् महिने टोचले जाऊ लागले. म्हणजे शरीर तापात जो इशारा चार-आठ दिवस देते, तो इथे इंजेक्शनने सहा महिने, वर्षभर दिला जात होता.

परिणाम काय झाला? हेपेटायटिस सीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांना उपचार सुरू असताना नैराश्य आले. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले, काहींचे उपचार थांबवावे लागले. आजाराची काळजी त्यांना आधीही होतीच. नवे होते ते इंजेक्शन.

२००१ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे एक प्रयोग झाला. त्वचेच्या मेलानोमा कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणार असलेल्या ४० रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले, इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. बारा आठवड्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के जणांना नैराश्य आले, औषध घेणाऱ्यांपैकी ११ टक्के जणांना. कर्करोगाची भीती दोन्ही गटांना सारखीच होती.

त्याच संशोधनातून पुढे आलेली एक बाब आज तापातून उठलेल्यांसाठी जास्त उपयोगाची आहे. इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांची लक्षणे दोन वेगळ्या लाटांत येत होती. थकवा, भूक मरणे, झोप बिघडणे ही पहिली लाट बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांतच येई. उदासी, चिडचिड, चिंता, लक्ष न लागणे ही दुसरी लाट नंतर, महिना-दोन महिन्यांनी आणि काही जणांनाच येई. नैराश्याच्या औषधाने दुसरी लाट बरीच रोखली, पहिलीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

आपल्याकडे 'अशक्तपणा' या एकाच शब्दात या दोन्ही लाटा बुडून जातात.

म्हणजे सगळे शरीराचेच खेळ आहेत का?

तसेही नाही. ताप येतो तो माणसाला. आणि त्या माणसाला ईएमआय असतो, संपलेल्या रजा असतात, रुग्णालयाचे बिल असते. रोजंदारीवरच्या माणसाचे पंधरा दिवस बुडाले तर त्याला उदास व्हायला सायटोकाइनची गरज नाही. करोनात तर एकटे पडणे आणि घरातला मृत्यू हेही सोबत होते. आधी कधी नैराश्य येऊन गेले असेल, तर ते पुन्हा येण्याची शक्यताही जास्त असते.

पण 'मुळातच मनाने कमकुवत, म्हणून असे झाले' हा जो शेरा रुग्णाला सर्रास ऐकावा लागतो, त्याला ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने चांगले उत्तर दिले आहे. न्यू साउथ वेल्समधील डब्बो या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ लोकांचा आजाराच्या सुरुवातीपासून पाठपुरावा केला गेला. त्यातला एक संसर्ग रॉस रिव्हर विषाणूचा होता. तो डासांमुळेच पसरतो आणि चिकुनगुनियाच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. सहा महिन्यांनंतरही १२ टक्के लोकांना थकवा, अंगदुखी, विचार करताना अडखळणे, मनाची अस्वस्थता असा त्रास होत होता. हे कोणाच्या वाट्याला येईल, हे प्रामुख्याने सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून ठरत होते. वय, शिक्षण किंवा आधीची मानसिक घडण यावरून तितकेसे नाही.

अशक्तपणा की नैराश्य, कसे ओळखायचे?

अशक्त माणसाला नातवाशी खेळावेसे वाटते, पण उठवत नाही. नैराश्यातल्या माणसाला खेळावेसेच वाटत नाही. अचूक निदान डॉक्टरच करतील, पण घरच्यांना सुरुवातीला हा फरक पुरेसा आहे.

जगभरातील दवाखान्यांत प्राथमिक चाळणीसाठी दोन प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद न वाटणे किती वेळा झाले? आणि मन खिन्न, निराश राहणे किती वेळा झाले? एकदाही नाही याला शून्य, जवळपास रोज याला तीन गुण. दोन्ही मिळून तीन किंवा अधिक गुण झाले तर डॉक्टरांशी बोलायला हवे. याशिवाय स्वतःला दोष देणे, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असे वारंवार म्हणणे, हे साध्या अशक्तपणात सहसा नसते. ते ऐकू आले तर दुर्लक्ष करू नये.

मात्र प्रत्येक उदासी विषाणूच्या खात्यावर टाकण्यातही धोका आहे. काही संसर्गांनंतर थायरॉइडला सूज येते आणि त्यातून थकवा व मूड दोन्ही बिघडतात. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असले तरी चित्र असेच दिसते आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता काही दुर्मीळ नाही. मधुमेह बळावलेला असू शकतो. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड असेल, तर त्यानेही झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. त्या गोळ्या एकदम बंद करणेही घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच काय ते करावे. या तपासण्या फॅमिली डॉक्टरकडे होतात, त्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयात जायला नको.

किती दिवस चालते आणि उपचार काय?

दिलासा देणारी माहिती इथे आहे. ऑक्सफर्डच्याच गटाने २०२२ मध्ये सुमारे १३ लाख करोना रुग्णांच्या दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. नैराश्य आणि चिंतेची वाढलेली जोखीम एक-दोन महिन्यांत इतर श्वसनसंसर्गांच्या पातळीवर आली होती. विस्मरण आणि विचारांतला धूसरपणा यांची जोखीम मात्र प्रौढांमध्ये दोन वर्षांनंतरही जास्त होती. म्हणजे मनाचा उतार बहुतेकांमध्ये वेळेबरोबर भरून निघतो, डोक्यातले धुके काहींमध्ये रेंगाळते.

पहिले काही आठवडे झोपेची ठरलेली वेळ, पुरेसे जेवण, सकाळचे ऊन आणि थोडे चालणे एवढे पुरते. 'घाम गाळला की मरगळ जाते' हा सल्ला मात्र इथे उलटू शकतो. थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणालाच खिळायला होत असेल, तर व्यायाम वाढवत नेण्याऐवजी झेपेल तेवढेच काम वाटून करावे. दीर्घकालीन थकव्याच्या विकारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतली.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटत असेल, कामावर परिणाम होत असेल, तर समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे घ्यावीत. नैराश्यावरची औषधे परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात. 'चार गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही' म्हणून मध्येच सोडली तर उपयोग होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर २० जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि त्यातले बहुसंख्य कोणत्याही उपचारापर्यंत पोहोचत नाहीत. तापानंतरच्या रुग्णाची अडचण तर अशी की, तो आधीच डॉक्टरकडे जाऊन 'बरा' होऊन आलेला असतो. पुन्हा कोणत्या तोंडाने जायचे, हा प्रश्न त्याला पडतो.

जगण्यात अर्थ नाही, मरण आले तर बरे, असे विचार येत असतील किंवा घरातले कोणी तसे बोलून दाखवत असेल, तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जावे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते. मराठीतून बोलण्याची सोय आहे. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज वाटल्यास पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. जिल्हा रुग्णालयांतही मनोविकार विभागाची ओपीडी असते. तिथे जाताना तापाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, तेव्हापासून घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि ताप नेमका कोणत्या तारखेला आला होता, एवढे सोबत ठेवावे. उदासी तापाच्या आधीची की नंतरची, हा बहुधा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न असतो.